देवळातलं इंग्रजी

शिवलीला बिराजदारने कपाळाला हात लावून पाहिला, तेव्हा तिथे काहीच नव्हतं. पण ओल्या बोटांनी ओढलेले विभूतीचे पट्टे आत्ताच सुकू लागलेत आणि सुकताना कातडी जराशी ओढली जातेय, असं तिला स्पष्ट जाणवत होतं. नळाचं गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. छाती धडधडत होती. काहीतरी चोरून केलं होतं आणि ते पचलं होतं, त्याचं हसू ओठांवर येऊ बघत होतं. नेमक्या त्याच वेळी कानातला आवाज म्हणाला, "क्लँडेस्टाइन. लपूनछपून, कोणाला कळू न देता चालवलेलं."

तिने डोक्यावरची पट्टी काढली आणि ती एकटीच हसली. पलीकडे इंग्रजीच्या क्लासचे येमूल सर पडद्यावरच्या रेषा बघत होते.

"बसला," ते म्हणाले. "हा शब्द आता तुम्ही विसरू म्हटलं तरी विसरणार नाही."

"सर, ही आठवण कोणाची आहे? बाई आहे कोणीतरी. आणि आपल्याकडचीच. कपाळाला विभूती आहे हो."

"आठवणी देणाऱ्या दात्यांची नावं आम्हालापण कळत नाहीत." सरांनी चष्मा पुसला. "एवढं खरं, की आपल्या केंद्राला सोलापूर-विजापूर पट्ट्यातलेच दाते जास्त देतात. एकाच उन्हात वाढलेल्या अंगाची मुद्रा लवकर रुजते म्हणे. चला, पुढचा घ्या."

आता हे इंग्रजी शब्द घोटायची गरजच काय, असं कोणीही विचारील, आणि त्याचं काही चुकणार नाही. शेंगदाण्याएवढा दुभाषा कानात घातला की जगातली कुठलीही भाषा मराठीत ऐकू येई आणि आपलं मराठी समोरच्याला त्याच्या भाषेत. ज्या इंग्रजीसाठी दोन पिढ्यांनी पोटाला चिमटे काढून पोरांना शाळांत कोंबलं, ती अशी फुकटात वाटली गेली तेव्हा बऱ्याच जणांना आनंद होण्याऐवजी फसवल्यासारखंच वाटलं. पण जे सगळ्यांना मिळतं त्याला भाव उरत नाही, हा बाजाराचा नियम काही बदलला नव्हता. त्यामुळे यंत्राशिवाय, स्वतःच्या डोक्यातून, तेही अवघड आणि नेमकं इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा रुबाब उलट वाढला.

काही कामांना तर त्याची खरोखरच गरज होती. शिवलीला मरणाच्या दारातल्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं काम करायची. आयर्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिला बोलावलं होतं, पण रुग्णाच्या खाटेपाशी दुभाषा चालणार नाही, अशी त्यांची अट होती. यंत्र शब्द पोचवतं, पण किंचित उशिरा, आणि जाणाऱ्या माणसाला तेवढा उशीरही कळतो. म्हणून 'विनायंत्र' परीक्षा द्यायची. समोर परीक्षक बसणार, कान रिकामे, आणि दुःख, राग, पश्चात्ताप यांच्या बारीकसारीक छटांवर तासभर बोलायचं.

असे शब्द पाठ करून येत नाहीत. पाठ केलेला परका शब्द मेंदूच्या एका कोपऱ्यात निमूट पडून राहतो. आईच्या भाषेतला शब्द सगळीकडे पसरलेला असतो. 'चिंच' म्हटलं की जीभ ओली होते, 'चटका' म्हटलं की बोट आखडतं. शास्त्रज्ञांनी हीच खोच पकडली. एखादा माणूस एखादी गोष्ट मनापासून आठवत असतो, तेव्हा त्याच्या मेंदूत कुठेकुठे उजळतं, याचा नकाशा घ्यायचा. त्याला त्यांनी भावमुद्रा असं नाव दिलं, आणि ती देण्याला अर्थदान. मग डोक्यावरच्या पट्टीतून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी तोच नकाशा शिकणाऱ्याच्या मेंदूत हलकेच जागा करायचा आणि त्या क्षणी शब्द उच्चारायचा. शब्दाला आयतं अंग मिळतं. दात्याची ओळख फुटू नये म्हणून कायद्याने चेहरे, आवाज आणि नावं गाळून टाकलेली असत. उरायचा तो फक्त स्पर्श, वास, चव, आणि छातीत काय होत होतं ते.

पण कायदा करणाऱ्यांच्या कपाळावर कधी विभूती सुकली नसावी. ती गाळायची राहून गेली.

घरी आल्यावर तिने अव्वाला हा किस्सा सांगायचं ठरवलं होतं. आईला ती लहानपणापासून अव्वाच म्हणायची. अव्वा, म्हणजे महानंदा, गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम करून आता घरी बसली होती. पण अजूनही तिच्या पदराला नव्या कापडाच्या खळीचा वास येई. ओट्यापाशी ती भाकरी थापत होती. बाहेरून अप्पा, म्हणजे बसवराज, हाक मारत आले.

"मॅडम, चहा मिळंल का?"

अप्पा बायकोला मॅडमच म्हणायचे. शिवलीलाला त्याचं फार कौतुक होतं. इतरांचे वडील आपापल्या बायकांना "अगं ए" करायचे, आपले अप्पा मॅडम म्हणतात, असं ती मैत्रिणींना शाळेत असल्यापासून सांगत आली होती. अव्वाने भाकरी तव्यावर टाकली आणि न बोलता चहाचं आधण ठेवलं. किस्सा सांगायचा राहिला.

दोन-तीन दिवसांनी येमूल सरांकडे तिची रागाच्या शब्दांची पाळी आली. तिने पट्टी चढवली आणि डोळे मिटले.

बोटांना खोबरेल तेल लागलेलं होतं. गुडघ्यांच्या मध्ये एक लहान पाठ टेकली होती, उबदार, भरवशाने रेललेली. हातात केसांचे तीन पेड होते आणि बोटं सवयीने एकावर एक पेड घालत होती. अंगठा डोक्याच्या मागच्या बाजूला गेला. तिथे बोराएवढी जागा केसांवाचून गुळगुळीत होती, जुन्या खोकेची. अंगठा तिथे थांबला आणि घशाशी कडू आलं. आज आलेलं नव्हे, बरेच दिवस तिथेच राहिलेलं. बोटांनी पेड ओढला, लागतो त्याहून जास्त घट्ट. लहान डोकं हिसका बसून मागे आलं. बोटांनी पुन्हा ओढला.

"रँकर," आवाज म्हणाला. "मनात जपून ठेवलेली, न विरणारी कडवट अढी."

शिवलीलाने पट्टी ओरबाडून काढली. तिचा हात आपोआप डोक्याच्या मागे गेला. लहानपणी पाटावरून पडून झालेली ती खोक तिथेच होती, बोराएवढी, गुळगुळीत.

"काय झालं?" येमूल सर उठून आले. "दुखलं का?"

"नाही," ती म्हणाली. "बसला."

त्या दिवसापासून तिचं बूड एका जागी टेकेना. कामावर ती रुग्णांशी बोलायची आणि मध्येच वाक्य सोडून द्यायची. घरी पाणी प्यायला उठायची आणि पाणी न पिताच परत यायची. तळ्याकाठी जाऊन कठड्याला धरून उभी राहायची आणि लगेच कंटाळून घराकडे वळायची. ती वेणी तिला चांगली आठवत होती. रोज शाळेआधी अव्वा घालायची, आणि काय घट्ट घालायची! वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझी वेणी संध्याकाळपर्यंत हलत नाही. हे तिने कितीतरी वेळा अभिमानाने सांगितलं होतं.

आणखी एक विचार तिला सोडत नव्हता. पलीकडे विजापूरला, गुलबर्ग्याला, पंढरपूरला किती पोरं या घटकेला हाच शब्द शिकत असतील. त्या सगळ्यांच्या बोटांना तिचे केस लागणार होते. आपल्या आईच्या मनात आपल्याबद्दल काय होतं, हे अनोळखी पोरांना तिच्याआधी कळलेलं असणार होतं. तिला याची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला. आपण असं काय केलं होतं?

क्लासला ती जायची थांबली. परीक्षा जवळ आली होती. येमूल सरांचे निरोप येत होते आणि ती उत्तर देत नव्हती. अव्वाशी धड बोलताही येईना. तिने वाढलेलं खाववेना, आणि तिच्याकडे बघितल्यावाचून राहवेना. अढी मनात ठेवून आयर्लंडला जायचं म्हणजे ती अढी आता अव्वाकडून तिच्याकडे आली, एवढाच त्याचा अर्थ होता. मग रुग्णांच्या खाटेपाशी बसून लोकांना "मनातलं बोलून टाका" असं सांगायचं कुठल्या तोंडाने?

शेवटी रविवारी सकाळी, अप्पा मंडईत गेल्यावर, तिने विषय काढायचं ठरवलं. अव्वा तिच्यासाठी शेंगाचटणी कुटत बसली होती. आयर्लंडला न्यायला डबा भरून द्यायचा होता. खलबत्त्याचा आवाज थांबला.

"काय गं, आठवडा झाला, नुसतं बघलालीस माझ्याकडं. काय ते बोल की."

शिवलीला ओट्याला टेकून उभी राहिली. तिने मनात बरीच जुळवाजुळव केली होती, ती सगळी कोलमडली. "अव्वा, तू त्या अर्थदानाच्या शिबिराला गेली होतीस?"

अव्वाने बत्ता खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर भीती आली नाही, आश्चर्यही नाही. "रँकर का?" ती म्हणाली.

उच्चार स्वच्छ होता. शिवलीलाने आईच्या तोंडून 'फॅन' आणि 'सिलेंडर' यांपलीकडे इंग्रजी शब्द कधी ऐकला नव्हता.

"तुला कळंल असं वाटलं नव्हतं," अव्वा म्हणाली. "त्यांनी सांगितलं, चेहरा राहणार नाही, नाव राहणार नाही."

"खोक राहिली."

"हां. ती राहिली असणार."

ती थोडा वेळ लसणाच्या पाकळ्या उगाच सोलत राहिली. मग तिने सगळं सांगितलं, जसं कोणी गावाकडची जुनी बातमी सांगतं तसं. शिवलीला शाळेत जायला लागली तेव्हा अव्वा दर सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून निघायची. देवळाच्या अलीकडे एका दुकानाच्या माडीवर इंग्रजीचा क्लास होता. कारखान्यात परदेशी माल पाठवायचं काम सुरू झालं होतं आणि तिथल्या मोठ्या बाईंना अव्वा त्या टेबलावर हवी होती. पण अव्वाला एवढ्यासाठी जायचं नव्हतं. तिला ते शब्दच आवडायचे, जेवढे अवघड तेवढे जास्त. क्लास सुटला की ती जिन्याखालच्या नळावर बोटं ओली करायची, पदरात बांधून नेलेली विभूती कपाळाला लावायची आणि देवळातून आल्यासारखी घरी यायची.

"एकदा तुझ्या शाळेला सुट्टी होती. तुला घेऊन गेले. सांगितलं, घरी सांगायचं नाही. तुला पेरूपण घेतला होता."

शिवलीलाला पेरू आठवला. आणि पेरूमागोमाग बाकीचं आलं. आत्याच्या साखरपुड्याला घर माणसांनी भरलं होतं. कोणीतरी विचारलं, पोरगी इंग्रजी शाळेत आहे, काही बोलून दाखव. ती मधोमध उभी राहिली आणि तिने माडीवर ऐकलेला एक लांबलचक शब्द घडाघडा म्हणून दाखवला. शाळेत शिकवलं का? नाही, आमची अव्वा देवळात इंग्रजी शिकते ना, तिने! सगळं घर हसलं होतं. तिला कोणीतरी उचलून घेतलं होतं. तिच्या आठवणीत तो दिवस फार छान होता.

"अप्पांनी बंद केलं?"

"कोणीच बंद नाही केलं. नुसतं हसले सगळे. तुझी आजी म्हणाली, आता महादेवपण इंग्रजी बोलायला लागला वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे अप्पा म्हणाले, मॅडम, चहा मिळंल का?" अव्वाने बत्ता उचलला. "तेव्हापासून आहे ते. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पुढच्या सोमवारी मी जिन्यापर्यंत गेले नि वर चढवेना. वाटलं, खालून कोणीतरी हसलालंय."

ती पुन्हा शेंगा कुटू लागली. मॅडम. इतकी वर्षं तो शब्द या घरात रोज उठत होता आणि शिवलीला त्याचं कौतुक करत होती.

"माफ कर मला," ती म्हणाली.

"माफी कशाची? सात वर्षांची होतीस."

"मग अढी कशाला धरलीस?"

"सात वर्षांची होतीस म्हणूनच तर. मोठी असतीस तर भांडून मोकळी झाले असते." अव्वाने तिच्याकडे सरळ बघितलं. "खोटं कशाला सांगू? राग होता. वेणी घालताना यायचा. आता नाही येत, म्हणजे फारसा नाही येत. शिबिरात ती पोरगी म्हणाली, मावशी, जुना, सांभाळून ठेवलेला राग आठवा. मला दुसरा कुठला नव्हताच."

शिवलीलाला रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही. अव्वा उठली नाही. तिने फक्त पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"किती शब्द दिलेस तू?" शिवलीलाने नाक पुसत विचारलं.

"तीन. विभूतीवाला तुला मिळाला असंल."

"हो. आणि तिसरा?"

"तो शिकलीस की कळंल. सांगून कळत असता तर त्या लोकांनी एवढं यंत्र कशाला केलं असतं?"

दुसऱ्याच दिवशी ती क्लासला गेली. येमूल सर रागावले नाहीत, फक्त राहिलेल्या शब्दांचा ढीग किती मोठा आहे ते त्यांनी दाखवलं. त्यानंतर रोज पट्टी चढवताना ती अव्वाच्या तिसऱ्या शब्दाची वाट बघायची. हा अव्वाचाच म्हणून काही शब्दांवर तिने मनात पैजा लावल्या. क्षमा करण्याचा एक भारदस्त शब्द आला, त्यात कोणा म्हाताऱ्याचे खरखरीत हात आणि विडीचा वास होता. मायेचा आला, त्यात गोठ्यातली गरम वाफ होती. स्वतःहून हक्क सोडून देण्याचा एक शब्द होता. हाच, हाच असणार म्हणून तिने श्वास रोखून धरला, तर त्यात समुद्राचं खारट वारं निघालं. प्रत्येक वेळी ती खट्टू होऊन पट्टी काढायची. आपल्याला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. कडू शब्दावर उतारा हवा होता. त्याच बोटांनी तीच वेणी हळुवार घातलेली हवी होती.

परीक्षेच्या आदल्या दुपारी, थोडेच शब्द राहिले असताना, तो आला.

अनवाणी पायांखाली जिन्याच्या दगडी पायऱ्या होत्या. चपला हातात होत्या. पाय एक पायरी सोडून उतरत होते, साडीचा घोळ मुठीत धरलेला. तळ्यावरचं वारं तोंडावर येत होतं. जीभ टाळूला लागून सुटत होती, पुन्हा लागत होती. कुठलासा लांब, परका शब्द ती न अडखळता घोळवत होती, आणि तो नुकताच तिच्या मालकीचा झाला होता. छाती इतकी भरली होती की बरगड्या अपुऱ्या पडत होत्या. खांदे हलके होते. कंबर मोकळी होती. कडेवर कोणी नव्हतं.

"एग्झल्टंट," आवाज म्हणाला. "जिंकल्यासारख्या, अंगात न मावणाऱ्या आनंदाने भरलेला."

शिवलीला पट्टी तशीच ठेवून बसून राहिली. आधी तिला लागलं, आणि चांगलंच लागलं. आईच्या सगळ्यात मोठ्या आनंदात ती कुठेच नव्हती. तिने शोधलं, पुन्हा एकदा मुद्रा चालवून शोधलं. ती नव्हती, अप्पा नव्हते, घर नव्हतं. फक्त एक तरुण बाई एक शब्द तोंडात घेऊन धावत होती. तिसऱ्यांदा चालवली तेव्हा शोधायचं विसरून शिवलीला नुसतीच तिच्याबरोबर पायऱ्या उतरली. आणि मग तिला आपली स्वतःचीच लाज वाटली, की या बाईकडून ती उतारा मागत बसली होती.

परीक्षा झाली. परीक्षक बाईंनी तिला विचारलं, आनंदाबद्दल बोला, आणि ती एका जिन्याबद्दल बोलली. निकाल आला, तिकीट आलं, चटणीचे डबे बांधून झाले. निघायला थोडे दिवस उरले असताना शिवलीलाने अव्वाला एकटीला गाठलं.

"चपला हातात का घेतल्या होत्यास?"

अव्वा कपडे वाळत घालत होती. ती हातातला टॉवेल धरून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला, पोरीसारखा. "वाजायच्या," ती म्हणाली. थोड्या वेळाने, टॉवेल झटकत, दुसरीकडेच बघत तिने विचारलं, "तुझ्या त्या येमूल सरांकडं वयाची काही अट असती का?"

"नसते."

"पट्टीबिट्टी नको मला. नुसतं बसीन. ते शिकवतात तसं."

"मी बोलते त्यांच्याशी."

"आणि घरी सांगायचं नाही," अव्वा म्हणाली.

दोन दिवसांनी दुपारी शिवलीला सामान भरत होती. दार ढकलून अप्पा आत आले, टोपी खुंटीला लावली आणि स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यावर विभूतीची डबी उघडी राहिली होती.

"आमच्या मॅडम कुठायत? चहा मिळंल का?"

शिवलीलाच्या जिभेवर सगळं आलं होतं. अप्पा भोळेपणाने हसत उभे होते. सांगितलं असतं तर ते तसेच हसले असते.

"अव्वा देवळात गेलीय," ती म्हणाली.

"आज? आज तर मंगळवार आहे."

"मग? मंगळवारी काय देऊळ बंद असतं?" तिने डबीचं झाकण लावलं आणि पातेलं अप्पांच्या हातात दिलं. "या इकडं. मी गेल्यावर चहा तुम्हालाच करायचाय. आधी पाणी ठेवा."